पाला सुकू द्या, मग बटाटा काढा

नोव्हेंबरमध्ये गोणीत, डब्यात लावलेले बटाटे आता वस्तीतल्या बऱ्याच दारांत दिसतात. भगिनी विचारतात, "ताई, काढायचा कधी?" काहीजणी रोज बोटाने माती उकरून बघतात आणि दिसलेला बटाटा तसाच उघडा ठेवून जातात. बिघडायला सुरुवात तिथेच होते.

बटाट्याला ऊन लागलं की त्याची साल हिरवी होते. तो हिरवा रंग पानातलाच, तो विषारी नाही. पण त्याच उजेडाने बटाट्यात सोलानिन नावाचं विषारी द्रव्यही वाढतं. ते सालीत, सालीच्या लगत आणि कोंबांजवळ जास्त असतं. उकडून, तळून ते जात नाही, हे नीट लक्षात घ्या. "चांगला शिजवला की काही होत नाही," असं मी दवाखान्यात किती वेळा ऐकलं असेल!

लंडनच्या एका शाळेत १९६९ साली जेवणातल्या बटाट्यांनी ७८ मुलं आजारी पडली होती. त्यातल्या १७ जणांना इस्पितळात ठेवावं लागलं. ते बटाटे आधीच्या सत्रातले, उरलेले होते. सगळी मुलं बरी झाली. असा बटाटा खाल्ल्यावर काही तासांनी मळमळ, उलट्या, जुलाब, पोटात कळा, डोकेदुखी सुरू होते. लेकरू गुंगीत गेलं, बरळायला लागलं तर घरी थांबू नका, दवाखाना गाठा आणि काय खाल्लं ते डॉक्टरांना सांगा.

आता काढणीचं. लावल्यापासून साधारण ८० ते ११० दिवस लागतात, पण बाजारातला कोंब आलेला बटाटा लावला असेल तर जात कुठली ते आपल्याला कळत नाही. म्हणून दिवसांपेक्षा पाल्याकडे बघा. फुलांवर जाऊ नका, कधी कधी ती येतच नाहीत. पाला खालून पिवळा पडत जातो, मग झाड आडवं होऊन सुकतं. तेव्हा पाणी तोडा. आठ-दहा दिवस तसंच राहू द्या, या दिवसांत मातीतल्या बटाट्याची साल पक्की होते. मग एकच बटाटा काढून अंगठ्याने घासा. साल सुटली तर बाकीचे अजून आठवडाभर मातीतच असू द्या. नाही सुटली तर सगळे काढा. कोवळे बटाटे भाजीपुरते आधी काढले तर चालतात, पण ते टिकत नाहीत, दोन-चार दिवसांत संपवा.

महिना-दीड महिन्यातच पानांवर काळे डाग पडून झाड वाळलं तर तो करपा, पिकणं नव्हे.

माती खचून बटाटा वर दिसला तर लगेच मातीची भर घाला. आणि झाडाला छोट्या हिरव्या टोमॅटोसारखी फळं धरली तर ती तोडून टाका. ती विषारी असतात आणि लहान मुलांना तोंडात घालायचा मोह होतो. बटाट्याच्या पाल्याचीही भाजी करू नये.

माझी एक चूक सांगते. पहिल्या वर्षी मी काढलेले बटाटे डाळीसारखे पत्र्यावर उन्हात पसरले. चार-पाच दिवसांनी बघते तर निम्मे हिरवे. नर्सिंग शिकलेली बाई मी, पण सवय ती सवय! बटाटा उन्हात नाही, सावलीत सुकवायचा. धुवायचा नाही, माती हाताने झटकायची. दहा-पंधरा दिवस अंधाऱ्या, वारं लागेल अशा कोपऱ्यात पसरून ठेवायचा, मग बारदानात भरायचा. प्लास्टिकच्या पिशवीत घाम धरून तो सडतो. कांद्याशेजारीही ठेवू नका.

हिरवा निघाला तर काय? पैसे मोजून, कष्ट करून आणलेली वस्तू फेकवत नाही, हे मला ठाऊक आहे. एखादा लहानसा हिरवा ठिपका असेल तर साल काढून तो भाग खोल कापून टाका आणि उरलेला वापरा. बराच हिरवा असेल किंवा शिजल्यावर कडू लागला, घशात जळजळला, तर मात्र टाकून द्या. जनावरांनाही घालू नका. कापताना कोंबाचे डोळेही कोरून काढा. कुदळीने चिरलेले बटाटे साठवणीत ठेवू नका, ते त्याच दिवशी रश्श्यात घाला.