फौजीच्या खिशातली वही

पाय गमावलेल्या सैनिकाला तो पाय पुन्हा फुटेल, असं पुण्यात कधी कुणी सांगितलं नाही. १९४४ साली तिथं सुरू झालेल्या लष्कराच्या कृत्रिम अवयव केंद्राची सुरुवातच नुकसान मान्य करण्यापासून होते. पाय बसवून देणं हे निम्मंच काम, उरलेलं निम्मं म्हणजे त्या पायावर चालायला शिकवणं. त्याही आधी, १९१७ साली, पहिल्या महायुद्धातल्या जायबंदी शिपायांसाठी मुंबईत निघालेली आणि पुढे खडकीला गेलेली क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट अशा शिपायांना नवा हुन्नर शिकवत होती. स्मृती ढासळू लागलेल्या माजी सैनिकाच्या वाट्याला मात्र भिजवलेले बदाम, ब्राह्मीचं तेल, मोबाइलवरचे बुद्धीचे खेळ आणि ‘जरा ध्यान देत जा’ हा उपदेश येतो. पायाला लावलेला न्याय स्मृतीलाही लावावा, एवढंच या लेखाचं म्हणणं आहे. स्मृती बळकट करण्याच्या मागे न लागता तिला आधार द्यावा आणि तो आधार वापरण्याचा कसून सराव घ्यावा.

आपल्याकडे हा प्रश्न युद्धापेक्षा वयाचा आहे, असं कुणी म्हणेल. ते बरंचसं खरंही आहे. भारतात साठी ओलांडलेल्यांपैकी सुमारे ७.४ टक्के लोकांना स्मृतिभ्रंश असावा, असा २०२३ साली प्रसिद्ध झालेला अंदाज आहे. पण फौजेतली नोकरी या ओझ्यात भर घालू शकते. सुमारे साडेतीन लाख अमेरिकी माजी सैनिकांच्या २०१८ सालच्या अभ्यासात, शुद्ध न हरपता डोक्याला सौम्य मार लागलेल्यांमध्येही स्मृतिभ्रंशाचं निदान दुपटीहून अधिक आढळलं. तोफांच्या आवाजानं गेलेले कान, उडालेली झोप, मनात दबलेलं नैराश्य आणि कँटीनची रम हेही यातले भागीदार असतात. ज्याला नीट ऐकूच आलं नाही, तो ते लक्षात काय ठेवणार? म्हणून सरावाआधी तपासणी हवी. बी-१२ ची कमतरता किंवा थायरॉइडचा बिघाड निघाला, तर औषधानंच फरक पडू शकतो.

आता मूळ मुद्दा. स्मृतीला व्यायाम दिला की ती सर्वत्र तल्लख होते, हा समज पुराव्यावर टिकत नाही. अमेरिकेत २,८३२ ज्येष्ठांवर झालेल्या ‘अ‍ॅक्टिव्ह’ या मोठ्या चाचणीत स्मृतीचे धडे घेतलेल्यांची स्मृतीच्या चाचण्यांतली कामगिरी सुधारली, पण दहा वर्षांनी ती आघाडी उरली नव्हती. बुद्धीच्या खेळांचं ‘ल्युमॉसिटी’ विकणाऱ्या कंपनीला फसव्या जाहिरातींच्या आरोपावरून २०१६ साली २० लाख डॉलर मोजावे लागले. सैनिकांवरचा पुरावा याहून थेट आहे. टेक्सासमध्ये डोक्याला सौम्य मार लागलेल्या १२६ सैनिकांच्या चाचणीत, प्रशिक्षकानं समोर बसून दिलेल्या शिक्षणानं रोजच्या व्यवहारातल्या तक्रारी कमी झाल्या. संगणकावर ज्यांनी एकट्यानं सराव केला, त्यांना तसा लाभ दिसला नाही. ब्रिटनमध्ये मानसशास्त्रज्ञ बार्बरा विल्सन यांनी तर विसरणाऱ्या रुग्णांसाठी साधा पेजर वापरला. ठरल्या वेळी ‘गोळी घ्या’ असा निरोप येई. १४३ जणांच्या त्या अभ्यासात ८० टक्क्यांहून अधिक लोक ठरलेली कामं आधीपेक्षा चांगली पार पाडू लागले.

यावर हमखास येणारा आक्षेप असा की, वही किंवा गजर हाती दिला की माणूस पांगळा होतो. विल्सन यांच्या अभ्यासात पेजर काढून घेतल्यावर कामगिरी थोडी उतरली, पण मूळ पातळीच्या वरच राहिली. म्हणजे आधारानं सवय लावली होती. दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे: जो सगळंच विसरतो, तो वही पाहायचं कसं लक्षात ठेवेल? त्याचं उत्तर रशियन मेंदूतज्ज्ञ अलेक्झांडर लुरिया यांच्या एका रुग्णात सापडतं. दुसऱ्या महायुद्धात स्मोलेन्स्कजवळ डोक्यात गोळी लागलेल्या या तरुण अधिकाऱ्याला एकेक अक्षर आठवून लिहिणं जमेना, पण हात न उचलता सलग लिहायला सांगताच लिहिता आलं. पुढं त्यानं हजारो पानं लिहिली. घटना आठवण्याची वाट बुजली तरी हाताला बसलेल्या सवयीची वाट पुष्कळदा शाबूत असते, आणि ती चुका करत शिकवायची नसते. मानसशास्त्रज्ञ बॅडली आणि विल्सन यांनी १९९४ साली दाखवलं की, स्मृती गमावलेल्यांना चुकू न देता शिकवलं तर अधिक पक्कं बसतं, कारण त्यांच्या डोक्यात चूकही तितकीच घट्ट बसते. ‘आठवून बघा, आठवून बघा’ हा आपल्या घरांतला लाडका इलाज म्हणूनच उलटा पडतो. आजार फार पुढं गेला असेल तर मात्र हा सरावही तोकडा पडतो, हे मान्य करायला हवं.

यवतमाळ जिल्ह्यातल्या बाभुळगावसारख्या तालुक्याच्या गावी स्मृतीचा खास दवाखाना निघण्याची वाट पाहण्यात अर्थ नाही. तपासणीसाठी यवतमाळचं वसंतराव नाईक वैद्यकीय महाविद्यालय आहे, माजी सैनिकांसाठी २००३ पासून ईसीएचएस ही आरोग्य योजना आहे. पुढचं काम घरातच होऊ शकतं, आणि फौजी त्यासाठी आधीच निम्मा तयार असतो. नोंदवही, हजेरी, ठरल्या जागी ठरलेली वस्तू, पहाटेचा ठरलेला क्रम हे त्याच्या हाडीमाशी भिनलेलं असतं. शर्टाच्या एकाच खिशात एकच वही, चहाच्या वेळी ती उघडायची, झालेल्या कामावर काट मारायची. ‘गोळीचं कुठं पाहायचं?’ असं विचारून उत्तर ‘वहीत’ हे आधी आपणच सांगायचं, मग अर्ध्या मिनिटानं, दोन मिनिटांनी, पाच मिनिटांनी पुन्हा विचारायचं. यात घरच्यांचा वेळ जातो, आणि खरा खर्च तोच आहे. बहुतेक वेळा तो बायको किंवा सुनेच्या माथी पडतो. प्रशिक्षण द्यायचं तर आधी त्यांना द्यायला हवं.

दर नोव्हेंबरात पेन्शनर हयातीचा दाखला देतात. त्याच वेळी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयानं सोबतच्या माणसाला एवढंच विचारावं: हे अलीकडं गोळ्या, पैसे, रस्ता विसरतात का? उत्तर ‘हो’ आलं तर तपासणीची चिठ्ठी आणि एक वही द्यावी. कार्यालयानं विचारलं नाही, तर घरच्यांनी स्वतःहून सांगावं.