पुण्यात पारा ७६ सेंटिमीटर का भरत नाही?

हवेचा दाब किती, असे विचारले की वर्गातून हमखास उत्तर येते : ‘पाऱ्याच्या ७६ सेंटिमीटर उंच स्तंभाइतका.’ पण समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवरच्या पुण्यात वायुभारमापक पाहिला, तर पारा ७१ सेंटिमीटरच्या आसपास दिसतो. मग यंत्र चुकले की पुस्तक?

एक मीटर लांबीची, एका टोकाला बंद असलेली काचेची नळी पाऱ्याने काठोकाठ भरून पाऱ्याच्याच भांड्यात उलटी उभी केली, की पारा थोडा उतरतो आणि थांबतो. इटलीच्या तोरिचेल्लीने १६४४ साली याचे कारण सांगितले. भांड्यातल्या पाऱ्यावर बाहेरच्या हवेचा दाब असतो. नळीत पाऱ्याच्या वर जवळजवळ निर्वात पोकळी असते. तेथून दाब येत नाही. स्तंभाचा दाब हवेच्या दाबाइतका झाला की पारा स्थिरावतो. नळी रुंद घेतली तर पाऱ्याचे वजन वाढते, पण ते तितक्याच वाढलेल्या क्षेत्रफळावर पडते. म्हणून उंची तीच राहते.

‘निसर्गाला पोकळी खपत नाही, म्हणून पारा वर राहतो,’ असे मानणारेही तेव्हा पुष्कळ होते. निवाडा कसा करायचा? कारण हवेचे वजन असेल, तर डोंगरावर पारा उतरायला हवा. पास्कालच्या सांगण्यावरून त्याचा मेहुणा पेरिए १९ सप्टेंबर १६४८ रोजी फ्रान्समधला प्युई द दोम डोंगर चढला. सुमारे १००० मीटर चढल्यावर पारा सुमारे ८ सेंटिमीटर उतरला होता. तशीच दुसरी नळी खाली ठेवून तिच्यावर दिवसभर लक्ष ठेवले होते. तिच्यातला पारा हलला नाही. म्हणजे फरक त्या दिवशीच्या हवामानाचा नव्हता, उंचीचा होता. ही दुसरी नळी विद्यार्थ्यांना आवर्जून सांगावी. तिच्याशिवाय प्रयोग अपुरा राहिला असता.

तेव्हा यंत्रही बरोबर आणि पुस्तकही. ७६ हा आकडा समुद्रसपाटीचा आहे. हवामानाच्या नकाशावर प्रत्येक ठिकाणचा दाब समुद्रसपाटीचा हिशेब करूनच मांडतात. नाहीतर प्रत्येक डोंगरावर कमी दाबाचा पट्टा दिसेल.

पाऱ्याची वाफ विषारी असते. म्हणून हा प्रयोग वर्गात करू नये. गणित मात्र जरूर करावे. पारा पाण्याच्या १३.६ पट जड आहे. मग विहिरीच्या काठावर बसवलेला पंप मुंबईत पाणी जास्तीत जास्त किती खोलीवरून ओढू शकेल? आणि पुण्यात?