तंबोऱ्याचा भोपळा आणि मोत्याचे दात

आमच्या वडिलांचा तंबोरा मिरजेचा. दरबारच्या बैठकींत तो त्यांच्या मागे वाजे. आता माझ्या शिकवणीच्या खोलीत वाजतो. गेल्या श्रावणात एका संध्याकाळी, विद्यार्थी गेल्यावर तो भिंतीला टेकवून मी चहाला आत गेलो. परत येऊन पाहतो तो गवसणी फाटलेली, भोपळ्याच्या कडेवर दातांच्या चार खुणा, आणि शेजारी गवसणीची नाडी चघळीत बसलेला आमचा मोत्या! दांडिया बाजारात पावसात भिजताना सापडलेले पिल्लू. वय अवघे पाच महिने.

मी छडी उचलली. तोच आई दारातून म्हणाली, "अरे, पाच वर्षांचा असताना तू ह्याच तंबोऱ्याची तार तोडली होतीस. तेव्हा तुझ्या वडिलांनी तंबोरा उंच खुंटीवर टांगला. तुला नाही टांगले."

छडी खाली आली.

दुसऱ्या दिवशी पशुवैद्यांनी मोत्याचा जबडा उघडून दाखविला. पिल्लाला दुधाचे दात २८. तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून ते पडू लागतात आणि सहा-सात महिन्यांपर्यंत कायमचे ४२ येतात. त्या काळात हिरड्या ठणकतात; चावले की बरे वाटते. मात्र दात आले म्हणजे खोड सुटली असे नव्हे. एकटे पडलेले, कंटाळलेले तरुण कुत्रे पुढेही हाती लागेल ते कुरतडते.

मार देऊन काही साधत नाही. मागाहून रागावलो, तर तो राग कशाबद्दल हे त्याला उमगतच नाही. मान खाली घालून बसतो ती गुन्ह्याची कबुली नव्हे. आपल्या चढलेल्या आवाजाची ती भीती. सम निघून गेल्यावर टाळी देऊन काय उपयोग?

शिकवणीतही मी नुसते "चुकले" म्हणून थांबत नाही, खरा सूर गाऊन दाखवितो. मोत्याला तसेच केले. चपलेला तोंड लावले की शांतपणे ती काढून घ्यावयाची, त्याचे रबरी खेळणे पुढे करावयाचे आणि त्याने ते धरले की तत्क्षणी शाबासकी द्यावयाची. खेळणे मात्र गिळता येणार नाही एवढे मोठे हवे. ओले फडके पिळून, गाठ मारून, गार करून दिले तर हिरड्यांना आराम पडतो. पण तेही आपल्या देखत. जुनी चप्पल चघळावयास देऊ नये; जुनी कोणती आणि नवी कोणती, हे त्याने कसे ओळखावे? शिजवलेले हाड देऊ नये, त्याच्या टोकदार कपच्या निघतात. शिऱ्यातले बेदाणे तर मुळीच नकोत. कुत्र्याच्या मूत्रपिंडांना ते घातक ठरू शकतात. तार, दोरा, मणी पोटात गेल्यास आतडे अडते. अशा वेळी घरगुती उपाय न करता तडक पशुवैद्य गाठावा.

सकाळ-संध्याकाळ फिरवणे वाढविले. घरात कोणी नसले की शिकवणीच्या खोलीला कडी. दोन-अडीच महिन्यांत पुष्कळ फरक पडला.

भोपळ्यावरच्या त्या चार खुणा मी बुजविल्या नाहीत. स्वर शाबूत आहे. तंबोरा आता उंच खुंटीवर असतो, वडिलांनी ठोकलेल्या त्याच खुंटीवर. शिकवणी चालू असताना मोत्या तिच्याखाली, आपले खेळणे पंजांत धरून, निवांत पडलेला असतो.