शब्द आपले, सूर परका

दुसऱ्या महायुद्धात, एप्रिल १९४० मध्ये, हिटलरच्या जर्मन फौजा नॉर्वे देशात घुसल्या. पुढच्या वर्षी राजधानी ओस्लोवर झालेल्या विमानहल्ल्यात बॉम्बचा तुकडा लागून एका तरुणीच्या मेंदूच्या डाव्या भागाला जबर इजा झाली. ती वाचली. सुरुवातीला तिची वाचा गेली होती, उजवे अंग दुबळे पडले होते. पुढे ती बोलू लागली. पण शब्द नॉर्वेजियन आणि हेल जर्मनासारखा! देशावर जर्मनांचा अंमल. लोक चिडलेले. दुकानदार तिला जर्मन समजून माल देईनात. स्वतःच्याच गावात ती परकी ठरली.

मोनराड-क्रोन या मेंदूविकारतज्ज्ञांनी १९४७ साली तिची हकीकत प्रसिद्ध केली. त्याही आधी, १९०७ साली, पिएर मारी या फ्रेंच डॉक्टरांनी पॅरिसच्या एका रुग्णाची अशीच नोंद केली होती. या दुर्मिळ विकाराला १९८२ पासून 'फॉरेन ॲक्सेंट सिंड्रोम' म्हणतात.

हे घडते कसे? "तू आलास" हेच शब्द सूर चढवून म्हटले तर प्रश्न होतो, उतरवून म्हटले तर साधे सांगणे. कुठे सूर चढवायचा, कोणते अक्षर लांबवायचे, कुठे जोर द्यायचा, हे मेंदू ठरवतो आणि जीभ, ओठ, गळा यांना हुकूम देतो. मेंदूला इजा झाली की या हुकमांची वेळ चुकते. नॉर्वेजियन भाषेत तर 'शेतकरी' आणि 'घेवडा' या अर्थांचे दोन शब्द केवळ सुरावरून वेगळे ओळखू येतात. तिथे सूर बिघडला की लगेच कानाला खटकते. रुग्णाला नवी भाषा येत नाही. ऐकणाराच त्या बदललेल्या बोलण्याला ओळखीच्या परदेशाचे नाव देतो. म्हणून एकाच रुग्णाचे बोलणे एकाला एका देशाचे, तर दुसऱ्याला दुसऱ्याच देशाचे वाटते.

हा विकार बहुधा पक्षाघातानंतर किंवा डोक्याला मार लागल्यावर होतो. क्वचित मेंदूला इजा नसतानाही होतो. तेव्हा घरातल्या कुणाचे बोलणे एकाएकी बदलले, तर 'बाहेरची बाधा' म्हणून अंगारे-धुपारे करीत बसू नका. बोलणे अडखळणे, तोंड वाकडे होणे, हात लुळा पडणे ही पक्षाघाताची लक्षणे आहेत. ताबडतोब मोठ्या रुग्णालयात न्या. रक्तवाहिनीत गुठळी अडकली असेल तर ती विरघळवणारे औषध साधारण साडेचार तासांच्या आतच देतात.

नंतर वाचा-उपचारतज्ज्ञांकडून सराव करून घ्यावा. काहींचे बोलणे सुधारते, काहींचे तसेच राहते. घरच्यांनी नक्कल करू नये, मुलांनाही करू देऊ नये. "नाटक करतोस का?" असे तर चुकूनही म्हणू नये. त्याचे वाक्य त्यालाच पुरे करू द्यावे. कामाच्या ठिकाणी, बँकेत, रेशन दुकानात सुरुवातीला घरच्या कुणीतरी सोबत जाऊन आजार समजावून सांगावा. डॉक्टरांची चिठ्ठी जवळ असू द्यावी. ओस्लोच्या त्या तरुणीच्या शेजारी उभे राहून "ही आमचीच मुलगी आहे" असे दुकानदाराला सांगणारे कुणी असते, तर तिला सामान मिळाले असते.