आतलं दार

सोलापूरहून तुळजापूरला निघालं की वाटेत तामलवाडी लागते. कोजागरीच्या सुमाराला याच रस्त्यानं भाविक पायी आई भवानीच्या दर्शनाला जातात. या पट्ट्यातल्या घरांचं पुढचं दार बघावं, तर त्याचा थाट असतो. सागवानी चौकट, वर गणेशपट्टी, सणाला तोरण, उंबरठ्यावर हळदीकुंकू. आत पाऊल टाकलं की खोल्यांची दारं मात्र सपाट! एक फ्लश डोअर, एक हँडल आणि मागं कपड्यांच्या खुंट्या. पुढच्या दाराला पूजा, आतल्या दाराला येता-जाता धक्का.

या सपाट दाराला हल्ली मोल्डिंगच्या पट्ट्या लावून त्यावर दोन चौकोन काढतात आणि रंग देतात. दार बदलायचा खर्च वाचतो, खोलीची कळा बदलते. पण हे चौकोन आले कुठून?

ते आले लाकडाच्या स्वभावातून. लाकूड पावसाळ्यात फुगतं, उन्हाळ्यात आकसतं. हा फरक रुंदीत पडतो, लांबीत जवळपास नाहीच. अख्ख्या रुंद फळीचं दार केलं तर ते आषाढात अडकेल आणि चैत्रात तडकेल. म्हणून सुतारांनी अरुंद उभ्या-आडव्या पट्ट्यांची चौकट केली, एका पट्टीचं टोक, म्हणजे कुसू, दुसरीच्या खाचेत बसवून ती पक्की केली आणि मधल्या फळ्या, म्हणजे पॅनेल, चौकटीच्या खोबणीत नुसत्या सरकवल्या. त्यांना ना खिळा, ना सरस. फुगायचं तेवढं फुगा, आकसायचं तेवढं आकसा. जोडाची कड उघडी दिसू नये म्हणून तिथं नक्षीची गोलाई आली. नक्षी आधी कामाची होती, शोभेची नंतर झाली.

फ्लश डोअरला या कशाचीच गरज नाही. आत लाकडी सांगाडा आणि भरण, दोन्ही अंगांना प्लायवूड. प्लायचे थर एकमेकांना आडवे चिकटवलेले असल्यानं फुगण्याला आपोआप लगाम बसतो. दार सपाट झालं ते असं.

आपल्या भागात ते घरोघरी पोचण्यामागं आणखी एक गोष्ट आहे. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारी-सास्तूर परिसरात भूकंप झाला. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारो माणसं गेली. दगडमातीच्या जाड भिंती आणि माळवदाचा मातीचा भार माणसांवर कोसळला. त्यानंतर माळवदाची धास्ती बसली, गावागावांत स्लॅबची घरं वाढली. लाकूडही महागत गेलं. घराबरोबर घडीव दार गेलं आणि दुकानातलं तयार दार आलं.

म्हणून आज त्या दारावर पट्टी लावणं म्हणजे जुन्या जोडाची आठवण काढणं आहे. आठवण खरी वाटायची तर मापं मात्र जुन्या दाराची हवीत.

समजा दार ७८ इंच उंच आणि ३२ इंच रुंद आहे. दोन्ही बाजूंना ५-५ इंच सोडले की चौकोनाची रुंदी २२ इंच. वर ५, दोन चौकोनांमध्ये ५ आणि खाली ८ इंच सोडायचे. खालचा पट्टा रुंद ठेवला की दार जमिनीवर ठाम उभं वाटतं, नाहीतर घसरल्यासारखं दिसतं. उरलेल्या ६० इंचांत वरचा चौकोन ३६चा, खालचा २४चा. बाजूच्या ५ इंचांत हँडल नीट मावतं. एका बाजूला पट्टी लागते २०८ इंच, म्हणजे सव्वासतरा फुटांच्या थोडी वर. आठ-आठ फुटांच्या दोन पट्ट्या सोळाच फूट भरतात, म्हणून तीन आणाव्या लागतात.

काम सुरू होतं पॉलिश पेपरनं. जुन्या ऑइल पेंटची चकाकी मोडल्याशिवाय नवा रंग धरत नाही. रंग फार जुना असेल तर जपून. घरगुती रंगांत शिसं ९० पीपीएमपेक्षा जास्त नको, हा नियम आपल्याकडे १ नोव्हेंबर २०१७पासून लागू झाला. त्याआधीच्या रंगात शिसं असू शकतं. तिथं कोरडं घासू नये, पेपर पाण्यात भिजवून घासावं, तोंडाला मास्क लावावा आणि लेकरांना लांब ठेवावं.

पट्टी बसणार त्या रेघेवरचा रंग मात्र लाकडापर्यंत खरवडायचा. पांढरा गोंद लाकडाला धरतो, ऑइल पेंटला नाही. तिथं आळस केला तर पट्टी रंगासकट सुटून हातात येते. पट्टीची टोकं ४५ अंशांत कापायची, गोंद लावायचा, बारीक बिनडोक्याचे खिळे मारायचे. खिळा पक्का करण्याआधी टेप घेऊन चौकोनाचे दोन्ही कर्ण मोजायचे. ३६ बाय २२च्या चौकोनात दोन्हीकडे ४२ इंचांच्या किंचित वर माप आलं, तर काटकोन बरोबर. एकीकडे जास्त भरलं, तर चौकोन कललेला आहे, डोळा कितीही सरळ म्हणो.

खिळ्यांची भोकं पुट्टीनं बुजवायची, एमडीएफची पट्टी असेल तर कापलेल्या टोकांना प्राइमर पोटभर पाजायचा. मग रंग. आधी पट्टीची खोबण, मग चौकोनांचं पोट, मग आडवे पट्टे, शेवटी उभ्या कडा. पॅनेलचं दार रंगवायचा क्रमही हाच. चकचकीत रंग पुट्टीची प्रत्येक चूक सांगून टाकतो. सॅटिन रंग पोटात घालतो, आणि खिडकीतून तिरपा उजेड आला की पट्टीखाली बारीक सावली धरतो. ती सावली हीच या कामाची कमाई.

सुताराची पारख करायची तर रंगाआधी करावी. कोपऱ्यातल्या तिरप्या जोडावरून अंगठ्याचं नख फिरवावं. नख अडलं तर पुट्टी मागवू नये, पट्टी परत कापायला सांगावी. जुन्या दारात तिथं खराखुरा जोड असायचा. आता नुसता दिसायचा आहे, तर निदान नीट तरी दिसावा.