दुकानाचा विमा: कलमे अनेक, रक्कम अपुरी

२०२४-२५ मध्ये देशातील सर्वसाधारण विमा कंपन्यांनी सुमारे ३.०७ लाख कोटी रुपयांचा हप्ता गोळा केला. आदल्या वर्षीचा आकडा सुमारे २.९० लाख कोटी होता, म्हणजे वाढ ६ टक्के. त्याआधीच्या वर्षी हीच वाढ १३ टक्क्यांच्या जवळ होती. या रकमेत आरोग्य आणि वाहन या दोन विम्यांचाच वाटा सुमारे ७० टक्के आहे. दुकान, गोदाम आणि कारखाना ज्यात येतात त्या अग्निविम्याचा वाटा १० टक्क्यांहून कमी, आणि त्यातही मोठ्या उद्योगांचे हप्ते आहेतच.

राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ७३व्या फेरीने २०१५-१६ मध्ये देशात ६.३३ कोटी सूक्ष्म, लघू आणि मध्यम उद्योग मोजले. त्यांपैकी ६.३० कोटी सूक्ष्म होते. महाराष्ट्रातील संख्या ४७.७८ लाख. बहुसंख्य उद्योग एकट्या मालकाचे आहेत. अशा उद्योगात धंद्याचे देणे आणि घरची मिळकत कायद्याने वेगळी नसते. त्यामुळे गोदामातील नुकसान थेट घरापर्यंत येते.

विमा नसलेल्याला सरकारी मदतीचा आधार किती, याचा आकडा चिपळूणने दिला आहे. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठी नदीचे पाणी तिथल्या बाजारपेठेत शिरले. ३ ऑगस्टला राज्य सरकारने ११,५०० कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले. त्यात छोट्या दुकानदाराला कमाल ५०,००० आणि टपरीधारकाला कमाल १०,००० रुपये होते. ३० लाखांचा माल भरलेल्या दुकानाला ५०,००० म्हणजे १.७ टक्के.

त्याच वर्षी १ एप्रिलपासून विमा नियामकाने छोट्या व्यवसायांसाठी प्रमाणित अग्निविमा लागू केला होता. एका ठिकाणची मालमत्ता ५ कोटींपर्यंत असेल तर ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’, ५ ते ५० कोटी असेल तर ‘भारत लघु उद्यम सुरक्षा’. यातील ‘सूक्ष्म’चा सरकारी नोंदणीतील ‘सूक्ष्म’शी संबंध नाही. १ एप्रिल २०२५ पासून सूक्ष्म उद्योगाची गुंतवणूक मर्यादा १ कोटीवरून २.५ कोटी झाली, उलाढालीची ५ कोटींवरून १० कोटी. पॉलिसी मात्र ना गुंतवणूक पाहते ना उलाढाल. ती त्या एका जागेतील मालमत्तेचे मूल्य पाहते. मोठ्या कंपनीची ३ कोटींची शाखा तिथे ‘सूक्ष्म’ ठरते.

या पॉलिसीत आग, वीज, भूकंप, वादळ, पूर आणि दंगल मुळातच आहे. मलबा हटवण्याचा खर्च दाव्याच्या २ टक्क्यांपर्यंत आणि आर्किटेक्ट, सर्व्हेअर यांचे शुल्क ५ टक्क्यांपर्यंत मिळते. चोरीही आहे, पण आग किंवा पूर अशा घटनेनंतरच्या ७ दिवसांपुरती. उरलेल्या ३५८ दिवसांसाठी घरफोडीचे कलम वेगळे घ्यावे लागते, आणि इथूनच ‘शॉपकीपर’ किंवा ‘पॅकेज’ पॉलिसीचा विचार सुरू होतो. आग व घरफोडी, बँकेत नेताना किंवा गल्ल्यातून जाणारी रोकड, नोकराने केलेला अपहार, काच व फलक, यंत्रबिघाड, त्रयस्थाला झालेली इजा, कामगारांची भरपाई अशी कलमे एका पॉलिसीत मिळतात. बहुतेक कंपन्या पहिली एक-दोन सक्तीची ठेवतात आणि कलमे वाढतील तशी सवलत देतात. सवलत कलमांच्या संख्येवर मिळते. नुकसान मात्र एखाद्याच कलमात होते.

कामगारांच्या कलमाचा हिशेब पाहा. कामगार भरपाईच्या १९२३ च्या कायद्यातील आणि आता सामाजिक सुरक्षा संहितेत आलेल्या सूत्रानुसार कामावर मृत्यू झाल्यास भरपाई म्हणजे मासिक वेतनाच्या ५० टक्के गुणिले वयानुसार ठरलेला गुणांक. ३० वर्षांच्या कामगाराचा गुणांक २०७.९८ आहे. हिशेबात धरायच्या वेतनाची मर्यादा ३ जानेवारी २०२० रोजी ८,००० वरून १५,००० झाली. त्याबरोबर या वयाची कमाल भरपाई ८,३१,९२० वरून १५,५९,८५० वर गेली. हे देणे मालकाचे आहे. पॅकेजमधील अपघात विम्याचे २ लाख किंवा वर्षाला २० रुपये हप्त्याच्या पंतप्रधान सुरक्षा विमा योजनेचे २ लाख मिळाले म्हणून ते फिटत नाही. उलट, २१,००० पर्यंत वेतनाचे जे कामगार कर्मचारी राज्य विमा योजनेत (ईएसआय) आहेत, त्यांच्यासाठी हे कलम घेतल्यास एकाच जोखमीचे पैसे दोनदा जातात.

हप्त्यावर १८ टक्के जीएसटी आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरील कर शून्य झाला, व्यावसायिक विम्यावरील नाही. नियमित नोंदणी असलेला व्यापारी या कराचे क्रेडिट घेऊ शकतो. कंपोझिशन योजनेतील व्यापाऱ्याला १०,००० चा हप्ता ११,८०० लाच पडतो, आणि कमी उलाढालीची अनेक दुकाने याच योजनेत असतात.

सगळ्यात महाग चूक मात्र पहिल्याच कलमात होते. समजा, दुकानात ३० लाखांचा माल आहे. बँक २५ टक्के मार्जिन कापून २२.५ लाखांचे कॅश क्रेडिट मंजूर करते, आणि अनेकदा विमाही तेवढ्याच रकमेचा उतरवला जातो. पाण्याने १२ लाखांचा माल खराब झाला. दावा विमा रकमेच्या आत आहे, तरी १२ लाख मिळत नाहीत. विमा मालाच्या ७५ टक्के किमतीचा, म्हणून भरपाईही नुकसानीच्या ७५ टक्के: ९ लाख. पॉलिसीवर बँकेचे नाव असते, त्यामुळे ही रक्कम आधी बँकेकडे जाते. कापलेले ३ लाख दुकानदाराच्या खिशातून जातात.

सूक्ष्म उद्यम पॉलिसीत १५ टक्क्यांपर्यंतची तूट माफ आहे. त्यानुसार ३० लाखांच्या मालावर २५.५ लाखांचा विमा असेल तर १२ लाख पूर्ण मिळतील. विमा २५.२ लाखांचा असेल तर तूट १६ टक्के होते, माफी जाते आणि हातात येतात १०.०८ लाख. विमा रकमेतील ३०,००० च्या फरकाने दाव्यातील १.९२ लाख गेले.

आता हप्त्यातील बचत मोजू. हजारी दर १ रुपया धरला तर २२.५ ऐवजी ३० लाखांचा विमा घ्यायला वर्षाला ७५० रुपये जास्त लागतात, करासह ८८५. पूरप्रवण जागेसाठी दर तिप्पट धरला तरी २,६५५. समोर ३ लाखांची कपात आहे. एजंटकडे काच-फलकाच्या कलमाची घासाघीस करण्याआधी विमा रकमेचा आकडा नीट करायला हवा. माल धरायचा तो खरेदी किमतीने. विक्री किमतीने विमा उतरवला तर हप्ता वाढतो, भरपाई वाढत नाही.

आणि खरेदी किंमत कोणत्या तारखेची? प्रस्तावात बहुधा ताळेबंदातील ३१ मार्चचा शिल्लक माल लिहिला जातो. कापड, भांडी, इलेक्ट्रॉनिक्स यांचा साठा गणपती ते दिवाळीच्या आधी भरतो. पूर जुलै-ऑगस्टमध्ये येतो. मार्चमध्ये ३० लाख असलेला माल ऑगस्टमध्ये ४५ लाख झाला, तर मार्चचा पूर्ण विमा ऑगस्टमध्ये ६७ टक्क्यांचा उरतो. यावर दोन मार्ग आहेत: वर्षातील सर्वाधिक साठ्याइतकी रक्कम लिहिणे, किंवा साठा वाढताच एंडोर्समेंट (चालू पॉलिसीत बदलाची नोंद) घेऊन विमा रक्कम वाढवणे. दुसऱ्यात फरकाचा हप्ता फक्त उरलेल्या महिन्यांचा लागतो, पण त्यासाठी माल गाडीतून उतरण्याआधी कंपनीला कळवलेले असावे लागते.