अनेक फाइली, एक खतावणी

आमच्या सभासद बंधूंपैकी बहुतेकांच्या पेढीवर आता लाल वहीची जागा संगणकाने घेतली आहे. तथापि वही गेली म्हणून हिशेबाची शिस्त सुटता कामा नये. समजा, एखाद्या धान्याच्या पेढीची बेळगाव, निपाणी व चिकोडी येथे तीन दुकाने आहेत आणि प्रत्येक दुकानाहून दरमहा विक्रीची एक फाईल येते. वर्षाअखेर अशा ३६ फाइली जमतात. त्या एकामागून एक उघडून एकत्र उतरविण्याचे काम दिवाणजींकडे सोपविल्यास वेळ तर जातोच. शिवाय एखादी फाईल दोनदा उतरली की मुळीच उतरली नाही, याची शंका मागे राहते.

हे काम एक्सेलमधील 'पॉवर क्वेरी' या साधनाने सुलभ होते. सन २०१३ मध्ये ते जोड-पुरवणी म्हणून निघाले. एक्सेल २०१६ पासून ते मूळ एक्सेलमध्येच 'डेटा' या सदराखाली समाविष्ट आहे. रीत अशी: सर्व फाइली एका फोल्डरमध्ये ठेवाव्या. 'गेट डेटा' मधून 'फ्रॉम फाईल' व पुढे 'फ्रॉम फोल्डर' निवडून तो फोल्डर दाखवावा आणि 'कम्बाइन अँड ट्रान्सफॉर्म डेटा' हा पर्याय घ्यावा. साधन एक फाईल, सहसा पहिली, नमुना म्हणून पुढे ठेवते. त्या नमुन्यावर आपण जे फेरफार करू, तेच उरलेल्या ३५ फाइलींवर करून ते सर्व ओळी एकाखाली एक मांडते व प्रत्येक ओळीपुढे तिच्या मूळ फाइलीचे नावही लिहिते. पुढील महिन्याची फाईल त्याच फोल्डरमध्ये टाकून 'रिफ्रेश' केले की तीही सामील होते.

येथवर सर्व सुखाचे आहे. परंतु हे साधन रकाना ओळखते ते मथळ्याच्या अक्षरांवरून, अर्थावरून नव्हे. नमुन्यात 'वजन' असा मथळा असून निपाणीच्या फाइलींत 'वजन क्विंटल' असा असला, तर निपाणीचा तो रकाना घेतलाच जात नाही. त्या ओळींत वजनाची जागा रिकामी राहते. चुकीची सूचना येत नाही, बेरीज मात्र कमी येते. आणि त्याच बेरजेच्या भरवशावर आपण हंगामाची खरेदी ठरवितो! सबब तिन्ही दुकानांचे मथळे अक्षरशः एक असावे.

आणखी तीन गोष्टी ध्यानी ठेवाव्या. फाइलीच्या तळाशी 'एकूण' ही ओळ असल्यास तीही विक्रीच समजली जाते व आकडा दुप्पट होतो. ती नमुन्यातच गाळावी. दुसरी गोष्ट तारखेची. ०५/०४/२०२५ ही आपली ५ एप्रिल, पण अमेरिकी पद्धतीवर ठेवलेल्या संगणकास ती ४ मे वाटते. 'यूजिंग लोकेल' या पर्यायातून भारताची पद्धत निवडावी. तिसरी गोष्ट, 'स्किप फाइल्स विथ एरर्स' या चौकटीत खूण करू नये. केल्यास सदोष फाईल निमूटपणे वगळली जाते.

या सर्वांवर उपाय एकच, आणि तो आपल्या वाडवडिलांचाच आहे: तेरीज. 'ग्रुप बाय' या सोयीने फाइलीच्या नावावार ओळींची संख्या, वजन व रक्कम यांच्या बेरजा काढाव्या. नावे बरोबर ३६ भरली पाहिजेत. प्रत्येक दुकानाने फाइलीबरोबर आपली बेरीज स्वतंत्र चिठ्ठीने कळवावी आणि ती या तेरजेशी ताडून पाहावी. यंत्र उतरवून घेण्याचे श्रम वाचविते; आकडा खरा की खोटा हे ठरविण्याची जबाबदारी मात्र पेढीच्या धन्याकडेच राहते. चिठ्ठी जुळल्यावाचून कोणताही एकत्रित आकडा खरेदीसाठी वा कर्जाच्या अर्जासाठी वापरू नये, अशी आमची सर्व बंधूंस आग्रहाची सूचना आहे.